पंतोजीची शाळा व सरकारी शाळा : तुलनेचीं साधनें

इ. स. १८१८ मध्यें पेशवाईचा शेवट होऊन दक्षिणेंतील मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखालीं आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच या मुलखांत दोन प्रकारच्या प्राथमिक शाळा एकमेकींशेजारीं चालूं लागल्या. एक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पंतोजीची शाळा, आणि दुसरी सरकारी पगारावर नेमलेल्या शिक्षकाची शाळा. या दोहोंची तुलना तेव्हांपासून आजपर्यंत होत आली आहे. एका पक्षाच्या मतें परकी अंमलापूर्वीं गांवोगांव शाळा होत्या व इंग्रजांनीं त्या मोडल्या. दुसऱ्या पक्षाच्या मतें पूर्वींची शाळा नांवाचीच होती, आणि खरें शिक्षण सरकारी शाळेनेंच आणलें. महात्मा गांधींनीं १९३१ सालीं लंडन येथील व्याख्यानांत पहिल्या पक्षाचें मत मांडलें. त्यावर सर फिलिप हार्टोग यांनीं पुराव्याची मागणी केली, व आपलें उत्तर १९३९ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. पुढें १९८३ मध्यें धरमपाल यांनीं मुख्यतः मद्रास इलाख्याचीं सरकारी कागदपत्रें छापून हा वाद पुन्हां उभा केला.

हा वाद निकालांत काढण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. उभय पक्ष ज्या कागदांवर विसंबून आहेत ते कागद कोणाचे, कोणत्या प्रसंगीं लिहिलेले, आणि ते काय सांगूं शकतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. त्यावरून असें दिसून येईल कीं, सरकारी शाळेचा विचार तिच्या स्वतःच्या कागदांवरून होतो, परंतु पंतोजीच्या शाळेचा विचार मात्र परक्याच्या कागदांवरून होत आला आहे. तिचे स्वतःचे कागद जुन्या रुमालांतून अद्यापि पडून आहेत, आणि रद्दी म्हणून ते नाहींसे होत आहेत.

(१) सरकारी कागदांची परीक्षा

पहिल्या पक्षाकडून जो उतारा वारंवार पुढें केला जातो तो मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांचा. इ. स. १८२१ मधील आपल्या अभिप्रायांत त्यांनीं लिहिलें आहे कीं, लहानमोठें असें एकहि गांव बहुधा सांपडणार नाहीं कीं जेथें निदान एक शाळा नाहीं; मोठ्या गांवांत अधिक, व शहरांत पुष्कळच आहेत. हा उतारा खरा आहे. परंतु तो कोणत्या प्रसंगाचा हें पाहिलें पाहिजे. नव्या शाळांच्या मागणीवर मत देतांना प्रेंडरगास्ट यांनीं हें विधान केलें आहे. शाळा आहेतच, तेव्हां सरकारनें नवीन खर्चांत पडण्याचें कारण काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांवांची मोजदाद करून काढलेला हा निष्कर्ष नव्हे. वादांतील वाक्य साक्षीच्या वाक्याइतकें वजनदार मानतां येत नाहीं, हा इतिहासशोधनाचा साधा नियम येथें लागू करावयास हवा.

मोजदाद झाली ती यानंतर. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२३ च्या डिसेंबरांत शिक्षणाविषयीं आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. देशी शाळांतील शिकविण्याची पद्धत सुधारावी, शाळांची संख्या वाढवावी, शाळांस पुस्तकें पुरवावीं, आणि खालच्या वर्गांतील लोकांस या शिक्षणाचा लाभ घेण्यास उत्तेजन द्यावें, असें त्यांत सुचविलें आहे. पुढें १८२४ च्या मार्चमध्यें जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांस शाळांविषयीं प्रश्न पाठविण्यांत आले. त्यांचीं उत्तरें येऊन १८२९ सालीं जो एकंदर गोषवारा तयार झाला त्यावरून मुंबई इलाख्याच्या खास कंपनी मुलखांत सुमारे १७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी असल्याचें दिसतें. त्या मुलखाची लोकसंख्या ४६ लक्ष ८० हजारांच्या आसपास धरली होती. म्हणजे दर १३० ते १३५ माणसांमागें शाळेंत जाणारा एक मुलगा पडतो. या १७०० शाळांपैकीं सरकारी शाळा अवघ्या २५ होत्या व त्यांत सुमारे १३०० मुलें शिकत होतीं. बाकीच्या १६८० शाळा गांवच्या होत्या व त्यांत सुमारे ३३ हजार ८०० मुलें होतीं.

हे आंकडे प्रेंडरगास्ट यांच्या विधानास पुष्टि देत नाहींत. गांवोगांव शाळा असती तर हजारों शाळांची नोंद झाली असती. रा. वि. परुळेकर यांनीं या काळचे मुंबई इलाख्याचे कागद संशोधून प्रसिद्ध केले, त्यामुळें हा विषय ऐकीव गोष्टींतून निघून पुराव्याच्या कक्षेंत आला. हें त्यांचें ऋण अभ्यासकांनीं विसरतां कामा नये.

तथापि या आंकड्यांनींहि सगळें चित्र उभें राहत नाहीं. मुलें किती शिकतात हें जाणण्याचा मार्ग म्हणून कलेक्टरांनीं शाळा मोजल्या. परंतु कुळकर्ण्याचा मुलगा पुष्कळदां बापाच्या दप्तराशेजारीं बसूनच मोडी व हिशेब शिके, आणि सावकाराचा मुलगा दुकानाच्या बैठकीवर. तो कोणत्याच शाळेच्या हजेरींत येत नाहीं. घरगुती शिक्षणाची गणना केली तर आंकडा किती बदलतो याचें एक उदाहरण मद्रास शहराचें आहे. सर टॉमस मन्रो यांनीं १८२२ मध्यें त्या इलाख्यांत अशीच चौकशी चालविली. तींत मद्रास शहरीं शाळेंत शिकणारीं मुलें सुमारे साडेपांच हजार, तर घरीं शिकणारीं सुमारे २७ हजार, म्हणजे जवळजवळ पांचपट नोंदलीं गेलीं. हा आंकडा बहुधा सदोष असावा अशी शंका १८२६ च्या टिपणांत खुद्द मन्रो यांनींच नोंदविली आहे. तरीहि शाळांची संख्या म्हणजे शिक्षणाची संख्या नव्हे, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

(२) पंतोजीची शाळा

गांवच्या शाळेस स्वतःचें घर नसे. देवळाची ओवरी, एखाद्या वाड्याची पडवी किंवा खुद्द पंतोजीचें घर, जेथें पंतोजी बसेल तेथें शाळा. पंतोजी गांव सोडून गेला कीं शाळा उठली. दुसरा आला कीं पुन्हां भरली. म्हणून एका वर्षींच्या यादींत शाळा आहे व दुसऱ्या वर्षींच्या यादींत नाहीं, एवढ्यावरून तेथील विद्या वाढली किंवा बुडाली असा तर्क करणें धोक्याचें आहे.

पंतोजीस सरकारांतून नेमणूक नसे. पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेचा लाभ विद्वान्‌ शास्त्री व वैदिक यांस होई; अक्षरें व अंक शिकविणारास त्यांत स्थान नव्हतें. पंतोजीचा निर्वाह मुलांच्या पालकांवर चाले. कोणी दरमहा पैसे देई, कोणी शिधा, कोणी सुगीस धान्य. मुलगा शाळेंत घालतांना, अक्षरांवरून अंकांवर जातांना, व सणावारीं कांहीं देण्याची वहिवाट असे. ही वहिवाट स्थळपरत्वें भिन्न होती. जमाखर्चाच्या घरगुती वह्यांत पंतोजीस दिलेल्या रकमा किंवा धान्य खर्चीं पडलेलें आढळल्यास ती नोंद शाळेच्या इतिहासाचें अस्सल साधन समजावें.

अभ्यासाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणीं सारखा असे. धूळपाटीवर बोटानें किंवा काडीनें अक्षरें गिरवावयाचीं. आरंभ ‘ओं नमः सिद्धं’ या मंगलाचरणानें. त्यावरूनच ‘ओनामा’ हा शब्द मराठींत रूढ झाला. मग अंक, पाढे, आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं अपूर्णांकांचीं कोष्टकें. सायंकाळीं सर्वांनीं उभें राहून परवचा म्हणावयाचा. अक्षर बसल्यावर कागद व बोरू हातीं येई. पंतोजी वरच्या ओळींत कित्ता घालून देई व मुलगा त्याखालीं पान भरी. शेवटीं मोडी पत्रांचें वाचन, पत्रांचे मायने, वजनेंमापें, व्याज आणि जमाखर्च. अमावास्या, पौर्णिमा व प्रतिपदा या दिवशीं सुटी असे.

अपूर्णांकांच्या पाढ्यांवर एवढा भर कां, याचें कारण व्यवहारांत सांपडतें. रुपयाचे सोळा आणे व चार पावले, मणाचे शेर, शेराचे पावशेर, असा सर्व हिशेब चौथाईच्या विभागणीवर चाले; आणि लेखनांतहि पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दंडांच्या खुणांनीं दाखवीत. ज्याच्या जिभेवर पाउणकी व औटकी आहे त्यास बाजारांत कागद लागत नसे. हें शिक्षण संकुचित होतें, पण तें निरुपयोगी नव्हतें. मराठी दप्तरांतील जीं लाखों पत्रें व हिशेब आज आपण वाचतों, ते लिहिणारे कारकून अशाच शाळांतून किंवा घरच्या अशाच तालमींतून तयार झाले होते.

(३) सरकारी शाळा

सरकारी शाळेचा उगम मुंबईच्या संस्थेंत झाला. एतद्देशीयांसाठीं शाळा व शाळापुस्तकें यांचें काम पाहणारी मंडळी १८२० च्या सुमारास मुंबईस निर्माण झाली आणि १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नांवानें ओळखूं लागली. तिनें २४ शिक्षक शिकवून तयार केले व १८२६ मध्यें ते गुजराथ, कोंकण व दक्षिण येथील गांवीं पाठविले. या शिक्षकांस लँकेस्टरची पद्धत शिकविली होती, म्हणजे पुढच्या मुलानें मागच्यास शिकवावें, व एका शिक्षकानें मोठी शाळा चालवावी. या पद्धतीचा एक धागा आपल्याच देशांत आहे. अँड्र्यू बेल यांनीं मद्रासच्या अनाथगृहांत, देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितात तें पाहून आपला प्रयोग सुरू केला, व १७९७ मध्यें त्यावर पुस्तक लिहिलें. म्हणजे नवीन म्हणून दक्षिणेंत आलेल्या पद्धतीचा कांहीं भाग इकडूनच तिकडे गेलेला होता.

खरें नवें होतें तें छापील पुस्तक. पंतोजीच्या शाळेंत पुस्तक असें नव्हतेंच. पाठ होता आणि कित्ता होता. सोसायटीनें मराठींत गणित, व्याकरण व वाचनाचीं पुस्तकें करविलीं. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, सदाशिव काशीनाथ छत्रे हीं नांवें या कामांत अग्रभागीं आहेत. छत्रे यांचें ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ हीं पुस्तकें १८२८ मध्यें निघालीं, व पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं तीं वाचलीं. छापील पुस्तक बालबोधांत, आणि व्यवहाराचा कागद मोडींत, असा द्विभाव येथूनच शाळेंत शिरला. शाळेंतून मोडी शिकविणें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिलें, परंतु मान बालबोधास मिळाला. आज जुनें दप्तर वाचणारा हजारांत एक सांपडणें कठीण, त्याचें मूळ या बदलांत आहे.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे तपासणी. १८४० मध्यें बोर्ड ऑफ एज्युकेशन व १८५५ मध्यें विद्याखातें स्थापन झालें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं दक्षिण कोंकणांतील शाळा तपासण्याचें काम केलें. दादोबा पांडुरंग हेहि शाळांच्या देखरेखीवर होते. हजेरीपट, शेरेबुक, परीक्षेचे तक्ते, वार्षिक अहवाल असे कागद शाळेबरोबरच जन्मास आले. ज्या संस्थेनें आपला हिशेब लिहून ठेविला तिचें म्हणणें इतिहासांत ऐकूं येतें. जिनें ठेविला नाहीं ती मुकी राहते. पंतोजीच्या शाळेंत काय होई हें पुढें आपणांस पुष्कळसें कळतें तें तपासनिसाच्या तक्रारींतून, किंवा सरकारी शाळेनें ज्यांस मोठें केलें अशा पुरुषांच्या आठवणींतून. दादोबा पांडुरंग यांचें आत्मचरित्र, जें अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ मध्यें प्रसिद्ध केलें, तें या दृष्टीनें मोलाचें आहे; परंतु तेंहि नव्या विद्येंत मुरलेल्या माणसाच्या लेखणींतून उतरलेलें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

(४) दोहोंचा ताळा

आतां दोन्ही शाळा शेजारीं ठेवून पाहूं. वर दिलेल्या १८२९ च्या आंकड्यांवरून गांवच्या शाळेंत सरासरी २० मुलें, व सरकारी शाळेंत सरासरी ५२ मुलें येतात. यावरून सरकारी शाळा अधिक लोकप्रिय होती असें अनुमान काढणें घाईचें होईल. त्या २५ शाळा मोठीं गांवें व कसबे निवडून घातलेल्या होत्या, आणि त्यांचा शिक्षक पगारी असल्यामुळें मुलांची संख्या व त्याची भाकर यांचा थेट संबंध नव्हता. पंतोजीस वीस घरें पुरत, व वीस घरांनाच त्याचें भान राही.

अभ्यासांत सरकारी शाळा निःसंशय विस्तृत होती. भूगोल, इतिहास, व्याकरण हे विषय पंतोजीच्या शाळेंत नव्हते. उलट तोंडच्या हिशेबांत पंतोजीचा विद्यार्थी लवकर तयार होई, आणि शेतकरी व वाणी यांस तेंच हवें असे. या मागणीचा प्रभाव इतका कीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनापुढें जें निवेदन दिलें त्यांत खेड्यांतील प्राथमिक अभ्यासक्रमासाठीं मोडी व बालबोध लेखनवाचन आणि हिशेब यांस पहिलें स्थान दिलें, व त्यापुढें इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य यांचे पाठ सुचविले. जुन्या शाळेचा व्यवहार आणि नव्या शाळेचा विस्तार या दोहोंचा मेळ त्या योजनेंत दिसतो.

परंतु शाळेंत कोणास घेतलें, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. आणि येथें दोन्ही शाळा उण्या पडतात. पंतोजीच्या शाळेंत ब्राह्मण, प्रभु, वाणी, सोनार व कांहीं मराठे-कुणबी यांचीं मुलें असत. मुलीस तेथें जवळजवळ जागा नव्हती, व अस्पृश्य मानलेल्या जातींस तर मुळींच नव्हती. सरकारी शाळा तत्त्वतः सर्वांची. परंतु धारवाडच्या सरकारी शाळेंत १८५६ मध्यें एका महार मुलानें प्रवेश मागितला तेव्हां तो मिळाला नाहीं. केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या, असें धोरण १८५८ मध्यें ठरलें, पण तें अंमलांत येण्यास फार दीर्घ काळ लागला. अस्पृश्य मुलांस न घेणाऱ्या शाळांस मदत मिळणार नाहीं, असें सरकारास १९२३ मध्यें पुन्हां जाहीर करावें लागलें, यावरूनच स्थिति कळून येते. या बाबतींत पुण्यास पहिलें पाऊल पडलें तें पंतोजीच्या किंवा सरकारच्या शाळेचें नव्हे, तर जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळांचें. मुलींसाठीं १८४८ मध्यें, व अस्पृश्य मुलांसाठीं १८५२ मध्यें.

खर्चाचा बोजा कोणावर, हाहि प्रश्न याच्याशींच निगडित आहे. पंतोजीस जो मुलगा पाठवी तोच पैसे देई. १८६३ नंतर जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाऊं लागला. म्हणजे ज्या कुणब्याचा मुलगा शाळेंत जात नव्हता तोहि शाळेचा खर्च सोसूं लागला. कुणब्याच्या पैशावर वरिष्ठ वर्गाचीं मुलें शिकतात, ही जोतीरावांची तक्रार या व्यवस्थेच्या मुळाशीं जाऊन भिडते. जुनी व्यवस्था अपुरी होती व नवी अन्यायाची झाली. दोहोंपैकीं एकीची निंदा करण्यासाठीं दुसरीचें गुणगान करणें हें पुराव्यास धरून नाहीं.

(५) संग्राहकांपुढील काम

वरील तुलनेंत सरकारी बाजूचे कागद भरपूर, व पंतोजीच्या बाजूचे जवळजवळ शून्य, हें वैगुण्य डोळ्यांत भरतें. धूळपाटीवरील अक्षर पुसलें गेलें तें गेलेंच. पण कागदावरील कित्ते, पाढ्यांचीं पानें, मायन्यांच्या याद्या, नमुन्याचे जमाखर्च, हे पुष्कळ जुन्या घराण्यांच्या बस्त्यांतून राजकीय पत्रांबरोबर बांधलेले असतात. दप्तर चाळतांना आपण सनदा, महजर, पत्रें वेचून घेतों, आणि पोराटकीचे कागद म्हणून हीं पानें बाजूस टाकतों. एकच ओळ वीस वेळां लिहिलेलें पान कोणास मोलाचें वाटणार? तथापि दक्षिणेंतील सामान्य माणूस काय व कसें शिकला याचा तो एकमेव समकालीन साक्षीदार असूं शकतो.

अशीं पानें आढळल्यास पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. पान कोणत्या घराण्याच्या, कोणत्या गांवच्या दप्तरांत, व कोणत्या कागदांमध्यें निघालें हें प्रथम टिपून ठेवावें. मूळ गांठोड्यांतून सुटें केलेलें पान अर्धें मुकें होतें. कागद विलायती असल्यास उजेडापुढें धरून त्यांतील जलचिन्ह पाहावें. कधीं कधीं त्यांत सालहि असतें. नमुन्याच्या पत्रांत शुहूर सन आहे, शक आहे, कीं इसवी सन आहे, हें नोंदवावें. हिशेबाच्या उदाहरणांत कोणते रुपये धरले आहेत, अंकुशी, चांदवडी कीं कंपनीचे, आणि खंडी-मणाचें माप किती शेरांचें धरलें आहे, हें पाहावें. मापें स्थळपरत्वें भिन्न असल्यामुळें पानाचें स्थळ ठरविण्यास त्यांचा उपयोग होतो. मायन्यांत कोणत्या जातीच्या व दर्जाच्या माणसास कोणत्या शब्दांनीं संबोधावें हें शिकविलेलें असतें. त्यावरून शाळा कोणत्या समाजाची कल्पना मुलापुढें ठेवीत होती तें समजतें. पानाच्या कडेस मुलाचें नांव किंवा पंतोजीची दुरुस्ती असेल तर ती जशीच्या तशी उतरून घ्यावी.

ज्या एका गांवाचे कित्ते, त्याच गांवच्या घरगुती वह्यांतील पंतोजीस दिलेल्या रकमा, आणि तेथील सरकारी शाळेचें जुनें शेरेबुक, हीं तिन्ही साधनें एकत्र मिळतील, त्या गांवापुरती तरी ही तुलना प्रथमच समतोल होईल. अशीं दहा गांवें हातीं आलीं तर प्रेंडरगास्ट यांच्या एका वाक्यावर किंवा १८२९ च्या एका गोषवाऱ्यावर सबंध दक्षिणेचा निकाल लावण्याचें कारण उरणार नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, रुमाल सोडतांना मुलांच्या हातचीं पानें रद्दींत टाकूं नयेत. तीं सनदांच्या शेजारीं, त्याच काळजीनें, यादींत नोंदवून ठेवावीं.